उपेक्षित चित्रकथा आणि त्यांचे चाहते

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत त्याने काय स्वीकारले याची तारीखवार नोंद असते. काय नाकारले याची नोंद ठेवण्याची पद्धत कोठेच नाही. अमेरिकेतील ग्रंथालयांनी अशी वही ठेवली असती तर विसाव्या शतकाच्या मध्यावरील तिची कितीतरी पाने 'कॉमिक्स' या एकाच शब्दाने भरली असती. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन ही नावे आज जगभरच्या चित्रपटगृहांतून घरोघरी पोचली आहेत. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' या २०१९ मधील एका चित्रपटाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरचा गल्ला जमविला. सुपरमॅनचे प्रथम दर्शन ज्या मासिकात घडले त्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची किंमत १९३८ साली दहा सेंट होती. त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. हे वैभव पाहणाऱ्याला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. ज्या कागदांवर हे सारे उभे आहे ते कागद, आणि ते ज्यांनी लिहिले-रेखाटले त्यांची नावे, ही दोन्ही जवळजवळ नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. ती वाचविली प्रामुख्याने साध्या वाचकांनी.

या वाचकवर्गाचा उगम कॉमिक्सच्याही आधीचा आहे. ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि त्यातील पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीचे परिणाम फार दूरवर पोचले. आपल्या गावात आपल्यासारखा वेडा कोणीच नाही असे मानणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावातले समानधर्मी सापडले. ती एकमेकांस पत्रे लिहू लागली, मंडळे स्थापू लागली, चक्रमुद्रित अंक काढू लागली. न्यूयॉर्कच्या ज्युलियस श्वार्ट्झ व मॉर्ट वाइझिंगर या तरुणांनी १९३२ साली 'द टाइम ट्रॅव्हलर' हा असा अंक काढला. त्याच वर्षी क्लीव्हलँड शहरातील ग्लेनव्हिल हायस्कूलचा विद्यार्थी जेरी सीगल याने आपला मित्र जो शुस्टर याच्या साहाय्याने 'सायन्स फिक्शन' या नावाचे चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केले. ते पाच अंकांतच बंद पडले. परंतु जानेवारी १९३३ च्या अंकात सीगलची एक कथा होती आणि तिच्या नायकाचे, खरे म्हणजे खलनायकाचे, नाव होते 'सुपरमॅन'.

सीगलचे वडील लिथुएनियातून आलेले ज्यू स्थलांतरित. कपड्यांचे छोटे दुकान चालवीत. जून १९३२ मध्ये दुकानात चोरीचा प्रकार घडला आणि त्यातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. या घटनेनंतर दीड-दोन वर्षांत मुलाच्या कल्पनेतला दुष्ट अतिमानव दुर्बळांचा कैवारी बनला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. हा नवा सुपरमॅन अनेक वर्षे प्रकाशकांच्या दारांवरून परत येत राहिला. अखेर १ मार्च १९३८ रोजी त्या दोघांना ४१२ डॉलरचा एक धनादेश मिळाला. त्यातील १३० डॉलर हा सुपरमॅनच्या सर्व हक्कांचा मोबदला होता. तेरा पानांचे, पानाला दहा डॉलर या दराने. उरलेली रक्कम इतर कामांची होती. सही करून ते दोघे मोकळे झाले आणि सुपरमॅनही त्यांच्यापासून मोकळा झाला! तो रद्द झालेला धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला, म्हणजे हक्कांच्या किमतीच्या हजारपटीहून अधिक.

पुढील तीन-चार वर्षांत अशा नायकांची रीघच लागली. मे १९३९ च्या अंकात बॅटमॅन आला, १९४१ मध्ये वंडर वुमन आली. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती तेव्हाच जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाने मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यात ठोसा लगावला. चित्रपटही मागे राहिला नाही. 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' हा बारा भागांचा बोलपट १९४१ सालचा. मुले हे अंक वाचीत, अदलाबदल करीत आणि टाकून देत. युद्धकाळात सरकारने जुना कागद गोळा करण्याची मोहीम काढली, तिच्यात असंख्य अंक लगद्यात गेले. ते जपून ठेवावेत असे प्रकाशकांनाही वाटत नव्हते, मग ग्रंथपालांना कोठून वाटणार? शिकागोचे एक पत्रकार व बालवाङ्मयाचे लेखक स्टर्लिंग नॉर्थ यांनी मे १९४० मध्येच या अंकांना राष्ट्रीय लाजेचा विषय ठरविले होते.

महायुद्धानंतर हा विरोध केवळ लेखनापुरता राहिला नाही. वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर या गावी ऑक्टोबर १९४८ मध्ये शाळेतल्या मुलांनी, वडीलधाऱ्यांच्या संमतीने, सुमारे दोन हजार कॉमिक्स मैदानात रचून पेटवून दिले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्याच वर्षी तसेच घडले. जर्मनीतील ग्रंथदहनाला अवघी पंधरा वर्षे उलटली होती. ज्या देशाने त्या राजवटीचा पराभव केला त्याच देशात पुस्तकांच्या होळ्या पेटाव्यात आणि त्याही मुलांच्या हातून, याची विसंगती तेव्हा फारच थोड्यांना जाणवली.

या मोहिमेला शास्त्राचे अधिष्ठान दिले ते डॉ. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने. वर्थम हा काही क्षुद्र माणूस नव्हता. हार्लेममधील कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्क घेणारे मनोरुग्ण चिकित्सालय त्याने १९४६ मध्ये सुरू केले होते आणि वर्णभेदी शाळांविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यातही त्याच्या निष्कर्षांचा उपयोग झाला होता. मुलांविषयीचा त्याचा कळवळा खरा होता. पुरावा मात्र खरा नव्हता. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या ग्रंथात त्याने बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. त्याच वर्षी एप्रिल आणि जूनमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली. अनेक प्रकाशनसंस्था मिटल्या. वर्थमची कागदपत्रे पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आली आणि २०१० मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. इलिनॉय विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकविणाऱ्या कॅरल टिली यांनी ती तपासली, तेव्हा वर्थमने मुलांची वये बदलल्याचे, निरनिराळ्या मुलांचे बोलणे एकत्र केल्याचे आणि गैरसोयीचा भाग गाळल्याचे आढळले. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. खटला उभा राहिला त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी साक्षीपुरावा तपासला गेला, आणि तोही एका ग्रंथालयशास्त्रज्ञेने, हे येथे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे.

दरम्यान ज्या मुलांनी हे अंक उशीखाली दडवून वाचले होते ती मोठी झाली होती. त्यांपैकी एक होता जेरी बेल्स. १९३३ साली जन्मलेला हा गृहस्थ डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा प्राध्यापक होता. बालपणी वाचलेल्या 'ऑल स्टार कॉमिक्स'ने त्याला जे झपाटले ते कायमचेच. मिसुरीत राहणारा रॉय थॉमस हा इंग्रजीचा तरुण शिक्षक त्याला पत्रांतून भेटला. मार्च १९६१ मध्ये बेल्सने 'ऑल्टर इगो' हा आपल्या अंकाचा पहिला खंड जांभळ्या शाईत, स्पिरिट ड्युप्लिकेटरवर काढला. त्याआधी तो न्यूयॉर्कला जाऊन ज्या संपादकाला भेटून आला होता तो संपादक म्हणजे ज्युलियस श्वार्ट्झ, तीस वर्षांपूर्वी 'टाइम ट्रॅव्हलर' काढणारा तोच तरुण! १९५६ मध्ये 'फ्लॅश' या जुन्या नायकाला नवा जन्म देऊन त्यानेच या मरू घातलेल्या साहित्यप्रकारात पुन्हा धुगधुगी आणली होती. गर्न्सबॅकचा कित्ता गिरवून त्याने आपल्या मासिकांत पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. १९२६ मध्ये जे विज्ञानकथेच्या बाबतीत घडले होते तेच १९६१ नंतर कॉमिक्सच्या बाबतीत घडले.

पत्रांचा हा व्यवहार मोठा गमतीचा होता. स्टॅन ली यांच्या मार्व्हल मासिकांत चुका शोधणाऱ्या वाचकांची झुंबड उडे. तेव्हा चूक दाखवून तिचे समर्थनही स्वतःच शोधून देणाऱ्या वाचकाला एक 'न-पारितोषिक' पाठविण्याची प्रथा पडली. पोस्टाने लिफाफा येई, त्यावर अभिनंदनाचा मजकूर असे, आणि आत काहीही नसे. अमेरिकेतील कित्येक प्रौढांनी असे रिकामे लिफाफे आजही जपून ठेवलेले आहेत. १९६३ मधील एका अंकात जॉर्ज आर. आर. मार्टिन या मुलाचे पत्र छापले गेले. पुढे तो जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला. रॉय थॉमस तर १९६५ मध्ये शिक्षकी सोडून मार्व्हलमध्येच दाखल झाला आणि १९७२ साली स्टॅन ली यांच्या जागी मुख्य संपादक झाला.

बेल्स मात्र प्राध्यापकच राहिला, आणि या इतिहासात खरे मोल त्याच्या कामाचे आहे. जुन्या अंकांवर लेखक-चित्रकारांची नावे क्वचितच छापलेली असत. कोणती कथा कोणी लिहिली, कोणाच्या पेन्सिलीवर कोणी शाई फिरविली, हे प्रकाशकांच्या दप्तरातही धड नव्हते. बेल्सने रेषेच्या वळणावरून हात ओळखण्याचा अभ्यास केला, हयात असलेल्या कलावंतांचे पत्ते मिळवून त्यांना प्रश्नावल्या धाडल्या, अंकांचे सूक्ष्मपट तयार केले. हेम्स वेअर या सहकाऱ्यासमवेत त्याने १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक्सच्या निर्मात्यांचा चार खंडांचा चरित्रकोश सिद्ध केला. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती करणाऱ्या शंकर गणेश दाते यांचे काम ज्यांनी हाताळले आहे, त्यांना अशा श्रमांची जात वेगळी सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की दात्यांच्या सूचीतील ग्रंथांवर ग्रंथकारांची नावे बहुधा होती. बेल्सला मुळात नावांपासूनच प्रारंभ करावा लागला.

त्यांपैकी एका नावाची कथा तर थोडी विस्ताराने सांगितलीच पाहिजे. बॅटमॅनचा जनक म्हणून बॉब केन हे एकच नाव करारान्वये छापले जात असे. बिल फिंगर नावाचा अबोल लेखक आरंभापासून त्याच्याबरोबर होता. बॅटमॅनचा झगा व मुखवटा यांचे रूप, गॉथम हे नगराचे नाव, पहिली कथा, यांत मोठा वाटा फिंगरचा; पण त्याचे नाव कोठेही नव्हते. १९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचे संमेलन भरले, त्यात फिंगर व्यासपीठावर आला. बेल्सने त्याच्याशी बोलून दोन पानांचा लेख लिहिला आणि तो चाहत्यांच्या एका खासगी अंकात वाटला. दोनच पाने, थोडकेच वाचक. परंतु सत्य प्रथमच कागदावर उतरले. केनने संतापून लांबलचक पत्र लिहिले व सारे नाकारले. तेही पत्र चाहत्यांच्याच अंकात छापले गेले. फिंगर १९७४ साली वारला. १९८९ मध्ये बॅटमॅनच्या चित्रपटाने तिकीटबारीवर उच्चांक केला, त्यातही त्याचे नाव नव्हते. त्याच वर्षी केनने आपल्या आत्मचरित्रात फिंगरचे ऋण कबूल केले खरे; पण त्या कबुलीचा मृताला उपयोग काय? पुढे मार्क टायलर नोबलमन या लेखकाने फिंगरच्या नातीचा शोध लावला आणि २०१२ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकाशकांनी फिंगरचे श्रेय अधिकृतपणे मान्य केले. २०१६ च्या चित्रपटापासून केनच्या नावाबरोबर ते पडद्यावर दिसू लागले. बेल्स तोवर राहिला नव्हता. २००६ मध्येच त्याचे निधन झाले होते.

सीगल आणि शुस्टर यांना न्याय निदान हयातीत मिळाला. १९४७ मध्ये त्यांनी प्रकाशकांवर दावा लावला, तो सुमारे ९४,००० डॉलरवर मिटला आणि त्यांची नावे सुपरमॅनवरून काढून टाकण्यात आली. १९७५ साली सीगल लॉस एंजेलिसमध्ये वर्षाला साडेसात हजार डॉलरवर कारकुनी करीत होता आणि शुस्टर जवळजवळ अंध झाला होता. सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याचे कळताच सीगलने त्या चित्रपटाला शाप देणारे प्रसिद्धिपत्रक काढले. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांची बाजू वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून लावून धरली. पंधरा वर्षांपूर्वी हीच हाक कोणी दिली असती तर 'कोण हा सीगल?' असा प्रश्न आला असता. आता त्याचे नाव ठाऊक असणारा समाज चाहत्यांनी घडविला होता. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि नावाचे श्रेय मान्य झाले. १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात ती नावे झळकली. त्याच चित्रपटात सुपरमॅनच्या पित्याची छोटीशी भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर मिळाले होते, ही तुलना टाळू म्हटले तरी टळत नाही.

चाहत्यांचे सगळेच वर्तन गौरवास्पद होते असे मुळीच नाही. मायकेल कीटन हा विनोदी नट बॅटमॅन होणार असे १९८८ मध्ये जाहीर होताच निषेधाची हजारो पत्रे चित्रसंस्थेवर कोसळली. चित्रपट आल्यावर तीच मंडळी त्याचे गुणगान करू लागली. त्याहून शोचनीय प्रकार १९९० नंतरचा. जुन्या अंकांच्या किमती ऐकून नवे अंक गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांची लाट उसळली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला आणि अनेकांनी तो कधी फोडलाच नाही. मृत्यू झाला कसा हे न वाचताच त्यांनी सुतक पाळले, असे म्हणावयाचे! लाखोंनी छापलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार, हा साधा विचार कोणाला सुचला नाही. बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज फेडण्याच्या धडपडीत पात्रांचे चित्रपटहक्क विकावे लागले. पुढे कंपनीने स्वतःच चित्रपट काढण्याचा निर्णय घेतला आणि २००८ चा 'आयर्न मॅन' जन्मास आला. आजच्या चित्रपटांच्या मुळाशी असा हा फसलेला सट्टाही आहे.

उत्साहाचे एक रूप मात्र निर्विवाद लोभस, ते म्हणजे संमेलने. मार्च १९७० मध्ये सॅन डिएगोच्या एका हॉटेलात एक दिवसाचा मेळावा भरला, त्याला शंभरएक माणसे होती. ऑगस्टमधील तीन दिवसांच्या संमेलनाला तीनशे आली. त्यात जॅक कर्बी होता आणि ग्रंथालयालाच आपले विद्यापीठ मानणारा रे ब्रॅडबरीही होता. आज त्याच संमेलनाला एक लाख तीस हजारांच्या वर लोक जमतात. आणि ज्याने मुलांना या अंकांपासून वाचविण्याचा विडा उचलला होता त्या वर्थमचे काय झाले? १९७३ साली, वयाच्या उत्तरार्धात, त्याने आणखी एक पुस्तक लिहिले. ते चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांविषयी होते, आणि त्यात त्याने त्यांची मनापासून प्रशंसा केली होती.

ग्रंथालयांच्या दृष्टीने सर्वांत विचार करावयास लावणारी हकिकत बिल ब्लॅकबीअर्ड या गृहस्थाची आहे. सुपरमॅनच्याही आधी चित्रकथा नांदत होत्या त्या दैनिकांच्या पानांवर. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मोठी ग्रंथालये दैनिकांचे सूक्ष्मपट काढून मूळ बांधीव खंड निकालात काढू लागली. कृष्णधवल सूक्ष्मपटात रविवारच्या रंगीत चित्रपुरवण्यांचा प्राणच जात होता. ब्लॅकबीअर्डने ते खंड मागितले. तेव्हा व्यक्तीला देता येत नाहीत, संस्थेलाच देता येतात, असा नियम त्याच्यापुढे आला. त्याने १९६८ मध्ये संस्था नोंदविली. पत्ता त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोतील राहत्या घराचा होता. मग तीस वर्षे देशभरातून खंड येत राहिले. घर, तळघर, वाहनगृह सारे वृत्तपत्रांनी भरले. तो आणि त्याची पत्नी कात्री घेऊन पट्ट्या कापीत व क्रमवार लावीत. वय झाल्यावर हा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाने घेतला. १९९८ मध्ये सहा मोठ्या मालमोटारींतून सुमारे ७५ टन कागद तेथे रवाना झाला. म्हणजे ग्रंथालयांनी टाकलेले ग्रंथालयातच परत आले, मधली तीस वर्षे एका वाचकाच्या घरात काढून. आज मिशिगन स्टेट विद्यापीठापासून लायब्ररी ऑफ काँग्रेसपर्यंत अनेक ठिकाणी कॉमिक्सचे मोठे संग्रह आहेत आणि त्यांच्या सूचीकारांचे हात बेल्सच्या कोशाकडे अजूनही वळतात.

दैनिकांतील त्या पट्ट्यांत ली फॉक याने १९३४ मध्ये निर्मिलेला जादूगार मँड्रेक होता आणि १९३६ मधला 'फँटम'ही होता. हे दोघे मराठी वाचकाला परके नाहीत. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिला अंक फँटमचा होता आणि किंमत साठ पैसे होती. इंग्रजी-हिंदीबरोबर इतर भारतीय भाषांत, मराठीतही, ही मालिका आली आणि फँटम 'वेताळ' झाला. मूळ कथेतील त्याचा प्रदेश 'बंगाला', तो येथील वाचकांस आपल्या बंगालसारखा वाटू नये म्हणून 'डेंकाली' करण्यात आला. चाच्यांच्या 'सिंग' टोळीचे 'सिंगा' झाले. १९७६ साली आबिद सुरती यांनी त्यात 'बहादूर' हा अस्सल देशी नायक आणला. तो दरोडेखोराचा मुलगा आणि दरोडेखोरांचाच शत्रू होता. १९९० मध्ये मालिका बंद पडली.

दात्यांची सूची १९५० ला थांबते; इंद्रजाल त्यानंतरचे. मराठी अंक वाचणारी मुले आज साठीच्या आसपास आहेत. त्यांतील काहीजण रद्दीच्या दुकानांतून, जुन्या बाजारांतून ते अंक हुडकतात, क्रमांकांच्या याद्या करून परस्परांस धाडतात, एकाजवळ नसलेल्या पानाची प्रत दुसरा काढून देतो. सापडलेल्या अंकांची मुखपृष्ठे बहुधा गेलेली असतात, पिना गंजलेल्या असतात, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कोणा मुलाचे नाव व इयत्ता शाईने लिहिलेली असते.